घरकुलाच्या उंबरठ्याशी

कल्याणहून निघालेला रस्ता माळशेजचा घाट चढून माथ्यावर आला आणि मढ मागे टाकून ओतूरच्या रोखाने निघाला, की ओतूरच्या अलीकडे डिंगोरे लागते. पश्चिमेस सह्याद्रीची रांग आणि तिच्या कुशीत वर्षातले चार महिने पावसात बुडून राहणारी आदिवासी खेडी, पूर्वेस कांदा, टोमॅटो आणि उसाचा बागायती मुलूख, अशा दोन प्रदेशांच्या सीमेवर वसलेल्या या टापूत हिंडणाऱ्याला घरांच्या तीन जाती शेजारी शेजारी दिसतात. रस्त्याकडेला बागायतदारांची दुमजली सिमेंटची घरे आहेत. ओढ्यापलीकडे, बांधाच्या आडोशाला, कारवीच्या कुडाच्या आणि शेणामातीने सारवलेल्या भिंतींच्या ठाकर-कातकरी कुटुंबांच्या झोपड्या आहेत. आणि या दोहोंच्या मध्ये, दर्शनी भिंतीवर योजनेचे आणि लाभार्थ्याचे नाव रंगवलेली चिमुकली चौकोनी घरे गेल्या काही वर्षांत उभी राहिली आहेत. सरकारी दप्तराने त्यांना 'घरकुल' हे नाव दिले, आणि लोकांनीही ते प्रेमाने उचलले.

गेल्या भाद्रपदात अशाच एका घरकुलात मी बसलो होतो. कोब्यावर दोन वाकळी अंथरून बाळंतीण बसली होती आणि तिच्या मांडीवर अठ्ठावीस दिवसांचे बाळ होते. आशाताई आल्या त्या पायांतल्या वहाणा बाहेर काढून, खांद्यावरची पिशवी दाराशी ठेवून आधी मोरीकडे गेल्या; साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, ते पदराला न पुसता तसेच वाऱ्यावर सुकू दिले, आणि मगच बाळाजवळ बसल्या. काखेत तापमापक लावला. घड्याळ समोर धरून पुरे एक मिनिट बाळाच्या पोटाची खालीवर होणारी हालचाल मोजली. मग बाळाला कापडी झोळीत निजवून ताणकाट्याला अडकवले आणि काटा आपल्या डोळ्यांच्या पातळीवर येईल इतका वर उचलून धरला. घरातली सगळी माणसे त्या काट्याकडे श्वास रोखून पाहत होती. "दोन किलो नऊशे," त्या म्हणाल्या, आणि म्हातारीने कपाळाशी हात नेऊन देवाला नमस्कार केला. आकडा कागदावर उतरवल्यावर मात्र ताई लगेच उठल्या नाहीत. त्यांची नजर चुलीच्या कोपऱ्याकडे गेली, तिथून खिडकीकडे, तिथून दाराखालच्या फटीकडे. त्या नजरेने काय मोजले, ते माझ्या मनात पुष्कळ दिवस घोळत राहिले, आणि हा लेख त्यातूनच निघाला आहे.

घर देणे आणि औषध देणे ही सरकारची दोन कर्तव्ये आहेत, असे आपण सहज म्हणतो. परंतु ती दोन आहेत असे समजण्यातच आपल्या व्यवस्थेचा मोठा दोष दडलेला आहे, असे मला वाटते. घरकुलाचे काम ग्रामविकास खात्याचे. 1985 च्या सुमारास इंदिरा आवास योजनेच्या नावाने सुरू झालेला हा प्रवाह 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजनेच्या रूपाने वाहतो आहे, आणि त्याच्या जोडीला अनुसूचित जातींसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी आवास अशा राज्याच्या योजना आहेत. किमान 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट, एवढे घर. सपाटीवर 1 लाख 20 हजार आणि डोंगरी भागात 1 लाख 30 हजार रुपये अनुदान. शौचालयासाठी वेगळे 12 हजार. आणि रोजगार हमीतून 90 ते 95 दिवसांची मजुरी, असा त्याचा हिशेब आहे. खेड्यात कोणालाही विचारा, या योजनेची परिभाषा त्याला मुखोद्गत असते. "ड यादीत नाव आहे का?", "जोत्याचा फोटो काढला का?", "दुसरा हप्ता पडला का?" हे प्रश्न आता पारावरच्या बोलण्यातले झाले आहेत. जोते झाले की छायाचित्र, भिंती वर आल्या की छायाचित्र, छत पडले की छायाचित्र, आणि प्रत्येक छायाचित्रामागे एक हप्ता. शेवटचे छायाचित्र दप्तरी दाखल झाले की त्या घराचा सरकारशी असलेला संबंध संपतो.

आरोग्याची शिडी वेगळी आहे. सुमारे हजार वस्तीमागे एक आशा स्वयंसेविका. सपाटीवर 5000 आणि डोंगरी-आदिवासी भागात 3000 लोकांमागे एक उपकेंद्र. 30,000 किंवा डोंगरात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आणि त्यावर सामुदायिक आरोग्य केंद्र, ज्याला आपण महाराष्ट्रात ग्रामीण रुग्णालय म्हणतो आणि जिथे 30 खाटा असतात. डिंगोऱ्याच्या माणसाच्या अंगाने पाहायचे तर ही शिडी ओतूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरू होते, जुन्नर किंवा नारायणगावच्या ग्रामीण रुग्णालयाकडे जाते, पुढे मंचरचे उपजिल्हा रुग्णालय, आणि तेवढ्याने भागले नाही तर पुण्याचे औंध किंवा ससून. घरकुलाचा तक्ता ज्या पंचायत समितीच्या इमारतीत भरला जातो, तिच्याच आवारात बहुधा तालुका आरोग्य अधिकाऱ्याचे कार्यालय असते. दोन टेबलांमध्ये पन्नास पावलांचे अंतर असेल. पण कोणत्या घरात क्षयाचा रुग्ण आहे, कोणत्या घरातली बाई सातव्या महिन्यात आहे, कोणत्या घरात गेल्या पावसाळ्यात साप चावून माणूस गेले, याची या टेबलावरची नोंद त्या टेबलावर जाऊन कोणते घर आधी बांधायचे हे ठरवीत नाही.

पूर्वी असे नव्हते, असे म्हणायचा मोह होतो. आणि तो अगदीच निराधार नाही. आपल्या प्रांतात सरकारी घरांची कल्पनाच मुळी रोगातून जन्मली. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक संनिपाताचा, म्हणजे प्लेगचा, रुग्ण ओळखला, आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत निम्मे शहर गाठोडी बांधून गावाकडे पळत सुटले. हाफकिनसाहेबांनी 1897 च्या जानेवारीत आपली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. आणि त्याच्या पुढल्याच वर्षी, 1898 साली, शहरातील कोंदट वस्त्या पाडून हवेशीर घरे बांधण्यासाठी मुंबई सुधारणा न्यास, ज्याला लोक पुढे बीआयटी म्हणू लागले, तो स्थापन झाला. लस आणि चाळ ही एकाच भयाची दोन अपत्ये होत. 1920 नंतर गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत विकास खात्याने, म्हणजे बीडीडीने, वरळीत 121, नायगावात 42, आजच्या ना. म. जोशी मार्गावर 32 आणि शिवडीत 12 अशा 207 चाळी बांधल्या.

या चाळींचा उल्लेख मी केवळ इतिहास म्हणून करीत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांतील शेकडो घरांचे एक मूळ मुंबईत रुजलेले आहे. गिरणीत, बाजारातल्या हमालीत, डबे पोचवण्याच्या धंद्यात आमच्याकडची माणसे पिढ्यानपिढ्या गेली. गावच्या नावाने घेतलेल्या एका खोलीत पंधरा-पंधरा जण पाळीपाळीने निजले. त्यांपैकी जो खोकत परत आला, त्याला गावातल्या म्हाताऱ्या 'हवा लागली' म्हणत. ती हवा म्हणजे क्षय होता, आणि त्याचे घर म्हणजे ती खोली होती. गावी आणून त्याला ओसरीवर वेगळे निजवीत, त्याचे ताट-तांब्या वेगळा ठेवीत, आणि मग वर्षभराने त्याच घरातला धाकटा भाऊ मुंबईची गाडी धरी. रोग माणसाबरोबर प्रवास करतो हे सर्वांना ठाऊक होते. परंतु खोली माणसाची वाट पाहत तिथेच बसलेली असते, हे कोणी म्हणत नसे.

या गोष्टीचा पुरावा आपल्याच काळात, आपल्याच राजधानीत पुन्हा समोर आला आहे. मुंबईच्या रस्त्यांसाठी आणि लोहमार्गांसाठी हटवलेल्या झोपडपट्टीवासीयांना गोवंडी-मानखुर्दच्या बाजूला सात-सात मजली इमारतींत सदनिका देण्यात आल्या. पक्की भिंत, नळ, शौचालय, सगळे मिळाले. मात्र दोन इमारतींमधले अंतर कित्येक ठिकाणी जेमतेम तीन मीटर ठेवले गेले, आणि खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागे. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या साह्याने केलेली पाहणी 2018 साली प्रसिद्ध झाली. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या दोन वसाहतींत दर दहा घरांमागे सुमारे एका घरात क्षयाचा रुग्ण आढळला. तर इमारतींमध्ये अधिक मोकळी जागा सोडलेल्या पीएमजी कॉलनीत हेच प्रमाण शंभरात एका घराच्या आसपास होते. सूर्य आणि वारा ज्या घरात शिरत नाहीत, तिथे क्षयाचा जंतू मुक्काम करतो. त्याला औषधाने हुसकावले तरी तो पुन्हा त्याच जिन्याने वर येतो. ही गोष्ट वाचून अस्वस्थ न होणारा मनुष्य विरळा. सरकारने दिलेले घर, आणि तेच रोगाचे कारण!

त्याच नटवर पारेख कंपाउंडात, एका इमारतीच्या तळमजल्यावर, याच संस्थेने आपले आरोग्य केंद्र चालवले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तेथील डॉक्टरला रुग्णाच्या खोलीचा अंधार आपल्याच खिडकीतून दिसतो. दूरच्या मोठ्या रुग्णालयात बसलेल्या तज्ज्ञाला छातीच्या चित्रावरचा डाग दिसतो, खोलीचा अंधार दिसत नाही. वस्तीत बसलेल्या वैद्याला दोन्ही दिसतात, आणि म्हणूनच घरांच्या रचनेची मोजमापे घ्यावीत असे त्या मंडळींना सुचले असावे.

सरकारी वसाहतीच्या पोटात दवाखाना नेऊन बसवण्याची ही कल्पना एका अर्थी जगप्रवास करून आली आहे. दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतातील फोलेला या झुलू वस्तीच्या मुलखात सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने 1940 साली एक आरोग्य केंद्र उघडले. घरोघर जाऊन कुटुंबांची नोंद करायची, विहीर, शौचकूप, परसातला भाजीपाला यांनाही औषधाइतकेच महत्त्व द्यायचे, अशी त्यांची रीत होती. तिथे जाऊन ती रीत डोळ्यांनी पाहिलेला एक अमेरिकन वैद्यकीय विद्यार्थी, जॅक गायगर, याने पुढे आपले सहकारी काउंट गिब्सन यांच्या साह्याने 1965 च्या डिसेंबरात बोस्टन शहरातील कोलंबिया पॉइंट या सरकारी गृहवसाहतीत अमेरिकेतील पहिल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांपैकी एक सुरू केले. ही वसाहत शहराच्या टोकाला, समुद्राच्या बाजूला, कचऱ्याच्या उकिरड्याशेजारी 1954 साली बांधलेली होती. दीड हजार कुटुंबे तिथे राहत, आणि आजारी मूल कडेवर घेऊन शहराच्या रुग्णालयात जायचे तर आईचा अख्खा दिवस बसगाड्या बदलण्यात आणि बाकावर वाट पाहण्यात जाई. गायगर-गिब्सन यांनी वसाहतीतल्याच सदनिका घेतल्या, मधल्या भिंती काढल्या आणि तिथे दवाखाना थाटला. रहिवाशांनाच त्यात नोकऱ्या दिल्या आणि कारभारात त्यांचे मंडळ नेमले. रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण या वसाहतीत पुढे पुष्कळ उतरले.

याच गायगर यांनी मिसिसिपी राज्यातील माउंड बायू येथे दुसरे केंद्र काढले, तेव्हा कुपोषित मुलांच्या आयांना त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून दिले. वाण्याने दूध, भाजी, मांस द्यावे आणि बिल दवाखान्याच्या औषधखात्यावर टाकावे, असा बंदोबस्त केला. वरिष्ठांनी हरकत घेतली, तरी ते मागे हटले नाहीत. भुकेवर अन्न हेच औषध आहे, ही त्यांची भूमिका होती. विहिरी खणणे आणि शौचकूप बांधणे ही कामेही त्या केंद्राने आपल्या अंगावर घेतली. आज अमेरिकेत अशा केंद्रांचे मोठे जाळे आहे, आणि सरकारी घरांतील रहिवाशांसाठी चालणाऱ्या केंद्रांकरिता 1990 पासून स्वतंत्र तरतूदही आहे.

आपल्या मराठी मुलखाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला जे काम उभारले, त्याचा पाया हाच होता: ज्या बाईला गावाने निरक्षर म्हणून बाजूला ठेवले, तिलाच शिकवून गावाच्या आरोग्याची राखणदार करायचे. आमच्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात खेड्यातल्या मुलामुलींना आरोग्य कार्यकर्ते म्हणून तयार केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना नवजात बालकाचा श्वास मोजायला, त्याला ऊब द्यायला, त्याचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले आणि मृत्यू किती थांबवता येतात हे 1999 साली जगापुढे मांडले. आमच्या घरकुलात आलेल्या आशाताईंच्या हातातले घड्याळ, तो ताणकाटा, आणि तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाण्याचा शिरस्ता, हे सारे त्या कामाचे ऋण आहे. लोकल बोर्डाच्या काळात खेड्यात सरकारी वैद्यक यायचे ते देवी टोचणाऱ्याच्या रूपाने, आणि त्याला पाहताच आया मुलांना कणगीमागे लपवीत. तिथपासून ज्या ताईंना पाहून म्हातारी देवाला नमस्कार करते तिथपर्यंतचे अंतर थोडे नव्हे.

आपल्या देशातील प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना ज्या समितीने मांडली, तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकात जन्मलेले गृहस्थ. 1946 च्या त्यांच्या अहवालात निवाऱ्याचा प्रश्नही आरोग्याच्याच अंगाने विचारात घेतला होता. पुढे 2 ऑक्टोबर 1952 रोजी समाजविकास योजना सुरू झाली, तेव्हाही एकाच खंडविकासाच्या चौकटीत शेती, रस्ते, शाळा, आरोग्य सारे एकत्र कल्पिलेले होते. खाती वाढत गेली, प्रत्येकाचे लेखाशीर्ष वेगळे झाले, आणि घर व दवाखाना यांची फारकत होत गेली ती नंतर.

ती फारकत डिंगोऱ्याच्या परिसरात किती महाग पडते, याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सर्पदंश. जुन्नर-आंबेगाव हा मुलूख नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सर्पांचा. यांतला मण्यार रात्री हिंडतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो. त्याचे दात इतके बारीक असतात की पुष्कळदा झोपही चाळवत नाही, दंशाची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, मळमळते. घरातले म्हणतात, रात्रीचे अन्न बाधले असेल. मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, जीभ अडखळते, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थकतात. प्रतिविष वेळेवर मिळाले आणि श्वास कृत्रिम उपायाने चालू ठेवता आला, तर असा माणूस पूर्ण बरा होऊन चालत घरी जातो. नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊत यांनी अनेक वर्षे सर्पदंशाच्या रुग्णांना वाचवण्याचे जे व्रत चालवले आहे, त्याची कीर्ती या मुलखात घरोघर आहे. आणि त्यांच्याकडे पोचलेला वाचतो, हा विश्वास मांत्रिकाच्या दारातली गर्दी ओसरायला कारणीभूत झाला आहे.

परंतु त्या पहाटेच्या आधीची रात्र पाहा. कुडाच्या झोपडीत भिंतीच्या बुडाशी उंदरांची बिळे असतात, उंदरांमागे साप येतो, आणि माणसे खाली अंथरुणावर निजलेली असतात. घरकुल आले म्हणजे कुडाची भिंत जाऊन विटांची येते, जमिनीवर कोबा येतो, बिळे बुजतात. म्हणजे गवंड्याच्या थापीने अर्धे प्रतिविष आधीच दिलेले असते. उरलेले अर्धे दाराखालच्या दोन बोटांच्या फटीत, सरपणाचा ढीग भिंतीला टेकून रचण्याच्या सवयीत, आणि खाट नसण्यात अडकलेले असते. घरकुलाच्या हिशेबात खाट कोठेच नाही. कोब्याचा गारवा लागतो म्हणून दोन वाकळी जास्त घातल्या जातात. पण जमिनीपासून दोन वीत उंच निजणे आणि मच्छरदाणी गादीखाली खोचणे, या साध्या गोष्टींनी मण्यारापासून जेवढे रक्षण होते, तेवढे कोणत्याही औषधाने होत नाही. बिबट्याच्या भयाने आता इकडची माणसे उन्हाळ्यातही अंगणात निजत नाहीत, दार लावून आत निजतात. तेव्हा घराच्या आतली जमीन कशी आहे याला दुप्पट महत्त्व आले आहे.

चुलीचेही तसेच. 25 चौरस मीटरांत स्वयंपाकाची जागा मोजून घेतलेली असते. गॅसची शेगडीही पुष्कळांकडे आलेली असते. परंतु टाकी संपली की पुन्हा भरण्याचे पैसे मजुरीच्या हंगामावर अवलंबून राहतात, आणि मग चूल आत येते, कारण बाहेर पाऊस असतो. झोपडीच्या गवती छपरातून धूर पाझरून जात असे. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात तो कोंडतो. पक्के घर धुराच्या बाबतीत झोपडीहून वाईट ठरू शकते, ही गोष्ट घर मंजूर करणाऱ्या कारकुनाला कोण सांगणार? ज्या बाईने त्या घरातल्या बाळाचा श्वास घड्याळ धरून मोजला आहे, तीच सांगू शकते.

माळीणची आठवण इथे टाळता येत नाही. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या या गावावर डोंगर कोसळला आणि 151 माणसे मातीखाली गेली. गाव दिसत नाही, हे आधी एसटीच्या चालकाच्या लक्षात आले. वाचलेल्यांसाठी जवळच आमडे येथे सरकारने नवे गाव वसवले. 2 एप्रिल 2017 रोजी 68 घरे शाळा, गोठे, कार्यालये आणि आरोग्य केंद्र यांच्यासह लोकांच्या हवाली झाली. एकाच आराखड्यात घर, गोठा आणि दवाखाना मांडलेला असा प्रसंग आपल्याकडे विरळा. त्यासाठी दीडशे माणसांचा बळी पडावा लागला, ही वेदना मनातून जात नाही. त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तिथल्या भरावाची माती खचली आणि भिंतींना तडे गेले, तेव्हा डोंगराचे भय पुरते न विसरलेल्या त्या माणसांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची नोंद कोणत्या खात्याने ठेवायची, हा प्रश्न तसाच राहिला. घर उभे करणाऱ्याचे काम झाले होते. मन सावरणाऱ्याचे तेव्हा कुठे सुरू व्हायचे होते.

एक आशेची खूण मात्र सांगितली पाहिजे. 15 नोव्हेंबर 2023 रोजी विशेष दुर्बल आदिवासी समूहांसाठी जनमन नावाचे अभियान सुरू झाले. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे त्याचे हक्कदार. नऊ मंत्रालयांनी मिळून पक्के घर, रस्ता, पाणी, वीज, फिरते वैद्यकीय पथक, अंगणवाडी अशा अकरा गोष्टी त्याच वस्तीवर एकत्र न्यायच्या, अशी त्यातली तजवीज आहे, आणि घरासाठीची रक्कमही दोन लाख रुपये ठेवली आहे. कातकरी कुटुंब वर्षातले कित्येक महिने वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर परमुलखात असते. त्याच्या नावे जमिनीचा तुकडा नसतो, कधी जातीचा दाखलाही नसतो. अशा कुटुंबाच्या घराचा पाया आणि त्याच्या दाराशी येणारा फिरता दवाखाना या दोहोंचा विचार एकाच कागदावर व्हावा, हे मला फार मोलाचे वाटते. गाडी आठवड्यातल्या ज्या वारी येते त्या वारी वस्तीवर माणूस असते का, ते भट्टीवर गेलेले असेल तर गाडी भट्टीवर जाते का, यावर त्या कागदाची किंमत ठरेल.

मला सुचते ते फार साधे आहे. ग्रामसभेत घरकुलांची यादी वाचली जाते, त्या वेळी उपकेंद्राच्या नर्सबाई, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई यांना मागे, दाराशी उभे न ठेवता, ग्रामसेवकांच्या शेजारी खुर्ची द्यावी. कोणाच्या घरी क्षयाचा रुग्ण आहे हे भर सभेत सांगू नये, पण कोणते घर आधी बांधले जावे याबद्दल त्यांचे म्हणणे आधी लेखी घ्यावे. घराचे शेवटचे छायाचित्र काढायला अभियंता येतो, तेव्हा ताईंनीही सोबत यावे. खिडकी कोणत्या दिशेला आहे, धूर कुठून जाणार, दाराखाली फट किती, याची रुजुवात करावी, आणि त्यांची सही झाल्यावर शेवटचा हप्ता पडावा. हप्ता अडवून गरिबाला त्रास व्हावा असे मला मुळीच म्हणायचे नाही. दाराखाली लाकडी पट्टी ठोकायला फार वेळ लागत नाही, आणि गवंडी अजून गावात असतो.

त्या दिवशी आशाताईंनी आपला कागद भरला. त्यावर तापमान, श्वास, वजन, दूध ओढतो का, नाळ कोरडी आहे का, असे रकाने होते. घराचा रकाना नव्हता. त्यांनी कागद उलटा केला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर, मांडीचा आधार घेऊन, बारीक अक्षरांत तीन ओळी लिहिल्या: चूल आत, धूर कोंडतो. दाराखाली फट. खाट नाही.

"हे कुठे देणार, ताई?" मी विचारले.

"केंद्रावर बैठक असते, तिथे बोलते," त्या म्हणाल्या. मग बाळंतिणीकडे वळून, "अगं, तोवर त्या फटीत गोणपाट कोंब रोज रात्री. आणि आजी, सरपण भिंतीपासून लांब रचा. मी बेचाळिसाव्या दिवशी येईन तेव्हा बघणार आहे."

म्हातारी कोपऱ्यातून गोणपाट शोधायला उठली.